सात पायऱ्या उघड्या

नंदुरबारला समुद्र कुठला? पण तापीला भरती-ओहोटी आहे. बंधाऱ्याचे दरवाजे उघडले की पाणी झपाट्यानं मागे सरतं आणि चिखलात शिंपले तोंड मिटून पडतात. दोन वर्षं दर पंधरवड्याला ललित, शेजारची तापीबाई आणि शिवणकाम करणारी रजिया ते मोजत होते. पाण्याच्या कडेपासून काठाकडे दहा हात दोरी ताणायची, दोरीलगतचे जिवंत शिंपले मोजायचे, होते तसे परत ठेवायचे. पगार नाही, मान नाही. गाव मात्र फुकटात हसायचं.

आता त्याच वळणावर वाळूचा ठेका निघाला. ठेकेदाराच्या कागदात लिहिलं होतं, 'पात्रात सजीव आढळत नाहीत'. लिहिणाऱ्यानं बूटसुद्धा ओला केला नसणार.

तिघांनी हरकत घेतली. सुनावणीसाठी ललितनं रजियाच्या वहीवरून कॉम्प्युटरवर स्वच्छ तक्ते केले. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी ते चाळले आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"मार्चमध्ये साठ, एप्रिलमध्ये नऊ. शिंपले मेले, की पाणी चढून दोरी वरच्या कोरड्या काठावर आली, जिथे शिंपले नसतातच? पाण्याची पातळी कुठे लिहिली आहे?"

ललितच्या तोंडचं पाणी पळालं. तो काठावर वाढलेला. त्याच्या लेखी पाणी लागलं की नदी सुरू. ते पाणी रोज वेगळ्या जागी असतं, हे त्याला कधी टोचलंच नव्हतं. दोन वर्षं मातीत.

तापीबाई मागून म्हणाली, "ललितभाऊ, पायऱ्या कोठे गयात रे?"

धुणं धुणाऱ्या बायका पाणी किती असं विचारत नाहीत. घाटाच्या किती पायऱ्या उघड्या, असं विचारतात. प्रत्येक मोजणीला तापीबाई तेवढं सांगायची आणि रजिया कोपऱ्यात लिहायची. ललितनं ते धुण्याच्या गप्पा समजून तक्त्यांतून गाळलं होतं. शिकलेला ना.

रजियानं पिशवीतून चिखलानं माखलेली मूळ वही काढून टेबलावर ठेवली. मार्चमध्ये सात पायऱ्या उघड्या, एप्रिलमध्ये तीन. म्हणजे पाणी चार पायऱ्या चढलं होतं, शिंपले मेले नव्हते.

ठेकेदाराचा माणूस हसला. "बायांच्या धुण्यावर सरकार चालणार का आता?"

"भाऊ," तापीबाई म्हणाली, "तुन्हा कागद लिहाले कोणी पानीमा पाय टाका व्हता का?"

साहेबांनी वही शेवटपर्यंत वाचली. मग विचारलं, "हा घाट कुठे आहे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब पँट दुमडून गुडघाभर पाण्यात उभे होते. ललितनं आधी पायऱ्या मोजल्या. पाच. मग दोरी ताणली. एकेचाळीस शिंपले निघाले. साहेबांनी ठेकेदाराचा कागद काढला, 'आढळत नाहीत'वर रेघ मारली आणि खाली लिहिलं: ठेका नामंजूर.

ललित तापीबाईकडे बघत राहिला. दोन वर्षं आपण हिला शिकवतोय, असं त्याला वाटत होतं.

तिचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. ती साहेबांच्या हाताकडे बघत होती.

"साहेब, तो शिंपला व्हता तसा ठेवा."