रिकाम्या हॉलचा एको

मी एको बोलतोय. हो, तोच. विहिरीत ओरडलात की उलटून अंगावर येतो तो. एरवी तुम्ही बोलल्याशिवाय मला तोंड उघडता येत नाही. आज कागदावर संधी मिळाली आहे, तेव्हा पोटातलं सगळं बाहेर काढणार आहे.

माझा जन्म ग्रीस देशातला. तिथल्या भाषेत माझा साधा अर्थ होता, आवाज. पुढे लोकांनी माझी गोष्ट रचली. म्हणे एको नावाची एक बडबडी वनदेवी होती. थोरल्या देवीला तिचा राग आला आणि तिने शाप दिला, की स्वतःचं एक अक्षरही तुला बोलता येणार नाही, दुसऱ्याचे शेवटचे शब्द तेवढे परत म्हणायचे. ती वनदेवी सुटलीही असेल. शाप मात्र माझ्या मानेवर बसला तो बसलाच.

तिथून लॅटिन, मग इंग्रजी, अशी बिऱ्हाडं बदलत मी साहेबाच्या बोटीतून इकडे आलो. तिकडे मी बाई होतो, इथे 'तो एको' झालो. कवितेत होतो तोवर जरा मान होता. मग शास्त्राच्या पुस्तकात गेलो. बोटीवाल्यांनी तर मला समुद्राचा तळ मोजायला जुंपलं. इथे प्रतिध्वनी आणि पडसाद ही माझी भावंडं आधीपासून सुखाने नांदत होती. पण इंग्रजी शब्द तोंडात आला की माणसाला आपण दोन इंच उंच झाल्यासारखं वाटतं. म्हणून डोंबिवलीत माझी चलती झाली.

ती केली हरिहर मास्तरांनी. कल्याणच्या शाळेत त्यांनी एकतीस वर्षं शास्त्र शिकवलं. दरवर्षी ते सांगत, "भिंत निदान पंचावन्न फुटांवर हवी, तर एको येतो. लिहून घ्या." मुलं लिहून घेत. एकानेही कधी बाहेर जाऊन ओरडून पाहिलं नाही, आणि मास्तरांनीही नाही.

१९५४ साली डोंबिवलीत मंडळाचा नवा हॉल उभा राहिला. साठ फूट लांब, गुळगुळीत गिलावा, वर पत्रे. पेन्शनीत निघालेले मास्तर मंडळाचे चिटणीस होते. उद्घाटनाला गाणार होती प्रमोदिनी. बावीस वर्षांची, मुलींच्या शाळेत शिकवायची, आणि नऊ वर्षं ठाण्याच्या गुरुजींकडे गाणं शिकत होती. घरात तिच्या लग्नाचं चाललं होतं. तिच्या वडलांनी तिला सांगितलं होतं, "एकदा चारचौघांत गाऊन दाखव. लोकांनी मान डोलावली तर गाणं चालू ठेवा म्हणून मीच पाहुण्यांना सांगेन. नाहीतर हा विषय बंद." पोरीचं सगळं त्या एका संध्याकाळवर होतं.

आदल्या रविवारी दुपारी ट्रायल झाली. मंडळाची रीतच ती. ट्रायल रिकाम्या हॉलमध्ये आणि निकाल कमिटीच्या मीटिंगमध्ये. अजून खुर्च्या आल्या नव्हत्या, जाजम नव्हतं. पाच सभासद आणि लाउडस्पीकरवाला मारुती, एवढेच काय ते श्रोते. प्रमोदिनीने तान घेतली आणि माझा नाइलाज झाला. तिची दुसरी तान सुरू होते न होते तोच मी पहिली तिच्या अंगावर आणून टाकत होतो. ती बावरली, थांबली. मला थांबता येईना.

"एको!" मास्तर आनंदाने ओरडले. एकतीस वर्षं शिकवलेला एको त्यांना पहिल्यांदाच भेटला होता.

"मास्तर," मारुती म्हणाला, "रिकाम्या घरात तांब्या पडला तरी केवढा वाजतो! मी टॉकीजमधे काम केलेलं. मॅटिनीला चार टाळकी असली की आवाज नुसता घुमायचा. रविवारी हाऊसफुल्ल झालं की एकदम साफ. माणसं आवाज पितात हो. चारशे माणूस बसू द्या, मग बघा."

"मारुती, तू वायरी बघ. शास्त्र आम्ही बघतो."

मारुती खरं सांगत होता! मला छपराचे पत्रे उडवून ओरडावंसं वाटत होतं. पण शेवटचे शब्द मास्तरांचे होते. मग मी काय म्हणालो? "बघतो... बघतो."

मीटिंगमध्ये ठराव झाला. 'एकोच्या कारणास्तव सभागृह गायनास अनुकूल नसल्याने गायनाऐवजी चिटणिसांचे भाषण ठेवण्यात यावे.' एकमताने मंजूर. प्रमोदिनीने विचारलं, "मास्तर, मग भाषणाला एको नाही का येणार?"

"मी थांबून थांबून बोलतो, बाळ," मास्तर म्हणाले.

उद्घाटनाला साडेचारशे माणसं दाटीवाटीने बसली. शाली, उपरणी, नऊवारी लुगडी, मांडीवरची पोरं. त्या गर्दीने मला खरोखर पिऊन टाकलं. मास्तर पाऊण तास बोलले आणि शब्द न् शब्द साफ ऐकू गेला. मी त्या वेळी हॉलमध्ये नव्हतोच. हे मला कळलं दुसऱ्या दिवशी, सभासद रिकाम्या हॉलमध्ये गप्पा मारत उभे होते तेव्हा. "पाहिलंत?" मास्तर म्हणत होते. "रीतसर ठराव केला आणि एको गेला!" कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, आणि फांदी मोडल्याचं श्रेय कावळा घेऊन गेला. मारुती कोपऱ्यात वायर गुंडाळत होता.

त्याच दुपारी प्रमोदिनी ट्रायलपासून इथेच राहिलेला तंबोरा न्यायला आली. एकटीच होती. हॉलभर बघत राहिली आणि म्हणाली, "आता पुन्हा गाणार नाही."

मला म्हणायचं होतं, अगं, तुझा गळा चोख आहे, दोष रिकाम्या भिंतींचा आहे. पण माझ्या तोंडून निघालं, "नाही... नाही." तिला वाटलं असेल, हॉलनेही होकार भरला. तंबोरा उचलून ती गेली. त्या शापाचा एवढा संताप मला ग्रीसमध्येही आला नव्हता.

चार वर्षं झाली त्याला. आता तर जगच उलटं झालंय. सिनेमावाले मला मुद्दाम गाण्यात घालतात. स्टेशनसमोरच्या हॉटेलात रेडिओवर तसं गाणं लागलं की हेच हरिहर मास्तर चहाचा कप खाली ठेवून म्हणतात, "वा! काय एको दिलाय!" भिंतीवर डोकं आपटून घ्यावंसं वाटतं. पण माझ्याकडे भिंतीच तेवढ्या आहेत, डोकं नाही.

आज हॉलमध्ये संक्रांतीचं हळदीकुंकू आहे. प्रमोदिनी जाजम घालायला लवकर आली आहे. लग्न होऊन ती आता कल्याणला असते. बरोबर तीन वर्षांची लेक आहे, हेमा. हेमाने मला आल्या आल्या शोधून काढलं आणि 'कुकू, कुकू' करून हैराण केलं. मग आईच्या पदराला लोंबकळत म्हणाली, "आई, मला झोपवताना म्हणतेस ना, ते गा ना!"

गा ना... गा ना.

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दुसऱ्याचे शेवटचे शब्द माझ्या मनातले निघाले. चारी भिंतींवरून जितक्या वेळा म्हणता आले तितक्या वेळा मी ते म्हटले. आणि म्हणजे ती घरी गाते तर! निदान अंगाईपुरतं तरी गाते.

प्रमोदिनी जाजमाचं टोक धरून उभी राहिली. क्षणभर तिचे ओठ हलले. मग म्हणाली, "इथे नको गं. इथे एको येतो."

"येतो... येतो," मी म्हणालो. म्हणावंच लागलं.

दारात चपला वाजू लागल्या आहेत. बायांनो, मी हात जोडून विनवतो, दारात घोळका करू नका. आत या. सासवा, सुना, लेकीबाळी, सगळ्या या आणि मांडीला मांडी लावून बसा. तुम्ही बसलात की मी उरणार नाही. तिचं गाणं मला ऐकूही येणार नाही. चालेल मला. मला एकदाचं पिऊन टाका, आणि मग तुमच्यातलं कुणीतरी तिला म्हणा, गा.