पडद्याआड गेलेली हवा

रविवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी घड्याळवाल्याने भर चौकात आपल्या इलेक्ट्रिक सायकलच्या टायरमधली हवा मोजली. ऐंशी पौंड.

साठ-सत्तर माणसं जमली होती. सगळ्यांच्या नजरा एका तांब्याच्या कड्यावर. ते हँडलला बसवलं की रस्त्याची थरथर गायब, हाताच्या मुंग्या बंद.

"कंपन म्हणजे रस्त्याचा राग!" कडेवाला गरजला. "माझं कडं तो गिळतं. पण श्रद्धा ढिली, तर कडंही ढिलं!"

सायकल 'जुळणी'साठी काळ्या पडद्याआड जायची, पाच मिनिटांनी बाहेर यायची. चौकाला फेरी मारून आलेला जो तो सांगायचा, "लोण्यावरून गेल्यासारखं वाटलं हो!"

खोटं कुणीच बोलत नव्हतं. महिन्यापूर्वी घड्याळवालाही हेच बोलला होता.

त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं बधिर होत चालली होती, चिमटीतला जोर गेला होता. हात गेला की दुकान गेलं. मग दिवसभरात "काय काका" म्हणायलाही कुणी उरणार नव्हतं. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. कडेवाल्याने त्याचा हात दोन्ही हातांत धरून विचारलं होतं, "फार त्रास होतो का हो?" तेवढ्यावर तो विरघळला. डॉक्टरकडे जायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी मुंग्या परत. कडेवाला म्हणाला, श्रद्धा कमी पडली. पुन्हा जुळणी झाली.

जिन्याखाली दोन सायकली असत, त्याची आणि तिची. रोज सकाळी तो दोन्हींत हवा भरी. तिच्या सायकलीत कशाला, हे विचारणारं घरात कुणी नव्हतं. दुसऱ्या जुळणीनंतरच्या सकाळी तो थबकला. तिच्या टायरमध्ये नेहमीइतकी हवा होती. त्याच्या टायरमध्ये पंचावन्न पौंड.

घड्याळाचा दोष शोधताना तो एका वेळी एकच भाग बदलत असे. कडं काढून पंचावन्नवर चालवली: लोणी. कडं लावून ऐंशीवर चालवली: मुंग्या.

आता, रविवारी चौकात, त्याने जुळणीला दिलेली सायकल पडद्याआडून बाहेर आली. त्याने पुन्हा मापक लावला आणि काटा शेजारच्या बाईंना दाखवला.

"पंचावन्न," त्या म्हणाल्या. "अहो, पंचवीस गेले कुठे?"

"पडद्याआड. टायर मऊ झाला की धक्के तोच खातो. कडं नुसतं लटकतं."

कडेवाला हसला. "काका एकटे राहतात. मन थाऱ्यावर नसतं माणसाचं."

काही जण हसले. घड्याळवाल्याचे कान तापले.

"एकटा आहे, खरंय," तो म्हणाला. "पण काटा कुणाची बाजू घेत नाही. माझ्यावरही विश्वास ठेवू नका. कडं काढा, हवा थोडी कमी करा, चालवून बघा."

"आम्हाला बरं वाटतंय ना? मग तुम्हाला काय त्रास?" मागून कुणीतरी ओरडलं. त्याने आपला हात वर केला. त्याला काय त्रास होता, ते कुणाला दिसलं नाही.

गुरुवारी डॉक्टर म्हणाले, "नस दबलीय. पकड बदलत राहा, जाड हातमोजे घाला, हवा बेताची ठेवा. महिनाभर आधी यायचं होतं, काका." बोटं पूर्ववत होतील का, ते नसेच्या तपासणीनंतर कळेल. तपासणीची तारीख अजून मिळालेली नाही.

काळा पडदा पुढच्या चौकात लागला आहे. जिन्याखालच्या दोन्ही सायकलींत आज सकाळी पंचावन्न पौंड हवा होती.