चिकटलेलं बेलपान

"लिंगाला जे लावशील, ते आधी तुझ्या कातडीला लावून बघ, पोरी. तुला सोसंना ते देवाला कशापायी?"

दीक्षेच्या दिवशी मठातल्या अय्यांनी, आमच्या गुरूंनी, हे सांगितलं, तेव्हा मी परकरात होते. तळहातावर नुकत्याच ठेवलेल्या काळ्याभोर, जांभळाएवढ्या, गळ्यात बांधायच्या इष्टलिंगाकडं बघण्यात इतकी गुंगले होते की त्यांचा आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा आला. पुढं कितीतरी वर्षं त्याची आठवण झाली नाही. लिंगाला आम्ही लावतो तरी काय? पाणी, विभूती, गंध. ते तर आपल्याही कपाळाला असतंच.

आठवण झाली ती सासूबाईंच्या पूजेत बेलाचं पान खाली पडेना, त्या दिवशी.

आमच्या अणदूरच्या घरात देवघर उगवतीच्या खिडकीशी आहे. पहाटे आम्ही दोघी शेजारी-शेजारी बसतो, मी आणि अव्वा. सासूबाईंना, नीलम्मांना, घरात सगळे अव्वाच म्हणतात. पूजेआधी पाण्याचा घोटसुद्धा नाही, हा दोघींचा नेम. डाव्या तळहातावर लिंग घ्यायचं, त्याच्या गुळगुळीत अंगात समईची ज्योत उतरते तिच्याकडं बघत राहायचं. हळूहळू भिंत विरते, अंगण विरतं, हमरस्त्यावरचे ट्रक लांब कुठल्याशा नदीसारखे वाहायला लागतात. मग उजेड तेवढा राहतो आणि आपण कुठं बसलोय ते कळत नाही.

पूजा झाल्यावर वाहिलेलं बेलपान हात कलता करून ताटात सोडतात. त्या दिवशी अव्वांनी हात कलता केला. पान लोंबलं, पण सुटलं नाही.

"बघ भुवना," त्या पुटपुटल्या, "उजेड काढून घेतला आन् पान धरून ठेवलं. रुसलाय त्यो माझ्यावर."

"उजेड काढून घेतला म्हंजे?"

तेव्हा कुठं बोलल्या. सोलापूरला एका डोळ्याचा मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना लिंगात ज्योत दिसलीच नव्हती. डोळा तर छान झाला होता, कॅलेंडरवरचे आकडे वाचत होत्या. तिथं मात्र नुसता करडा अंधार. लाजेनं कुणाला सांगितलं नव्हतं.

आणि गेल्या काही दिवसांतलं त्यांचं गप्प गप्प राहणं मला आता उमगलं. दवाखान्यात शेजारच्या खाटेवर तेर गावच्या धुरपदाबाई होत्या. भीतीनं रडायच्या. अव्वांनी त्यांचा हात धरून शब्द दिला होता, "दुसऱ्या डोळ्याच्या टायमाला मी येते, तुमच्या उशाशी बसते." येत्या सोमवारी ते ऑपरेशन होतं. धुरपदाबाईंचा फोन आला, तेव्हा अव्वांनी हं हं करून ठेवून दिला होता.

"म्या न्हाय जात," त्या म्हणाल्या. "जिचा देव रुसला तिनं दुसरीला काय धीर द्यावा?"

मी त्यांच्या तळहाताशी वाकले. दुसऱ्याच्या लिंगाला हात लावत नाहीत, म्हणून नुसतंच निरखलं. काळ्या अंगावर करडं कवच चढलं होतं आणि पानाचा देठ त्यात रुतला होता. मग ध्यानात आलं. ऑपरेशनच्या आधी धातू काढा म्हणाले, तेव्हा अव्वांनी लिंगाची चांदीची डबी काढून दिली, पण लिंग अंगावरून उतरवायला काही केल्या तयार होईनात. बिचाऱ्या सिस्टरनं ते मनगटावर ठेवून वरून चिकटपट्टीचे वेढे दिले. पट्टी निघाली, तिचा डिंक राहिला. त्या डिंकावर अव्वा रोज भक्तीनं विभूती लावत गेल्या.

"अव्वा, रुसवा न्हाय ह्यो. पट्टीचा डिंक हाय."

"डिंक? देवाला?" त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "मग काढाया काय लावू, सांग. पर सांभाळून. जन्मल्याबरूबर गळ्यात बांधलंय ते."

घरात बातमी पसरायला वेळ लागला नाही.

"पेट्रोल," आमचे हे, शंभुलिंग, चहा पिता पिता म्हणाले. "गाडीवरचं स्टिकर कसं निघतं? द्या हिकडं, आत्ता करून देतो."

"तुझ्या हातात? गाडीचं चाक हाय व्हय रं ते?" अव्वा म्हणाल्या.

शेजारच्या गिरिजाबाई भिंतीवरून डोकावल्या. "राकेल लावा, नीलम्माकाकू. माझ्या माळ्यावर बाटली हाय अजून."

"रेशनला राकेल मिळायचं तवाची का ओ?" हे म्हणाले. "मग आधी त्या बाटलीचीच पूजा करावी लागंल."

आमची श्रीदेवी कॉलेजातून आली, ती नखाचा रंग काढायचं औषध घेऊनच. "आज्जी, एका मिनिटात निघतंय बघ."

मी सगळ्या बाटल्या ओट्यावर मांडल्या, हात धुवायचं सॅनिटायझरही ठेवलं. आणि तेव्हाच अय्या बोलले, विहिरीच्या तळातून. आधी तुझ्या कातडीला.

दवाखान्याच्या पिशवीत तीच चिकटपट्टी उरलेली होती. मी तिचे तुकडे माझ्या हातावर चिकटवले आणि माझ्या लाखेच्या करंड्यावरही. लिंगाचं वरचं काळं अंग राळेचं, लाखेचं आणि कसकसल्या रसांचं करतात, असं लहानपणापासून ऐकत आलेय. थोड्या वेळानं पट्ट्या ओढून काढल्या. खाली तसाच चिकट थर राहिला.

पेट्रोलनं डिंक गेला, पण कातडी चुरचुरली आणि वासानं माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. अव्वांच्या नव्या डोळ्याजवळ हे कसं न्यायचं? राकेलनं डिंक सुटला, वास मात्र साबणानंही हलेना. श्रीदेवीच्या औषधानं डिंकाच्या आधी करंड्याचा रंग उचलला. बोट लालभडक झालं. सॅनिटायझरनं लाख पांढुरकी पडली. हेच लिंगावर झालं असतं तर?

उरलं खोबऱ्याचं तेल.

"तेलानं कुठं डिंक निघतो व्हय?" हे म्हणाले.

"कच्च्या पपईचा चीक हाताला लागल्यावर काय लावता तुमी?"

"मी पपई कापतच न्हाय."

"म्हणूनच इचारतोयस," अव्वा म्हणाल्या. कितीतरी दिवसांनी त्या असं काही बोलल्या.

तेलाचा थेंब हातावर आणि करंड्यावर सोडला आणि स्वयंपाक उरकला. येऊन बघते तर डिंक साईसारखा सैल झालेला. अंगठा फिरवला, त्याच्या वळ्या होऊन गळून पडल्या. करंड्याचा रंग जिथल्या तिथं, उलट जरा उजळलेला.

दुपारी पडवीत ऊन आलं होतं. अव्वांनी लिंग तळहातावर घेतलं. मी वरून एक थेंब सोडला. पुढचं सगळं त्यांनीच करायचं होतं.

"आता घासू नका. नुसतं धरून बसा."

त्या बसल्या. पलीकडच्या रानातल्या ज्वारीत पाखरं उतरत होती, उठत होती. तेल पसरत होतं की ऊन, सांगता येत नव्हतं. मला पेंग आली की जप लागला, तेही कळलं नाही. अव्वांचा अंगठा फिरायला लागला होता, बाळाच्या टाळूवर फिरावा तसा. आधी बेलपान सुटलं. मग करड्या वळ्या निघाल्या. जुन्या धोतराचा मऊ तुकडा त्यांनी फिरवला, तेव्हा मी फडक्याकडं वाकले. फडक्यावर काळं आलं तर?

करडंच आलं. नुसतं करडं.

कोरडी विभूती लावून तेल टिपलं. मी समई आणून सावलीत लावली. अव्वांनी हात डोळ्यांसमोर धरला.

"ही माझी न्हवं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"ज्योत. माझी मोठी हुती. पिवळी, पिंजलेल्या कापसावानी. ही तर सुईच्या टोकाएवढी. आन् पांढरी."

डिंक काढता काढता आपण त्यांची ज्योतच काढून टाकली की काय, असं वाटलं. मग त्यांनी आपणहून नवा डोळा झाकला आणि जुन्या, अजून मोतीबिंदू असलेल्या डोळ्यानं बघितलं. ओठ हलले. मग जुना झाकून नव्यानं बघितलं. पुन्हा जुन्यानं. असं किती वेळ चाललं होतं कुणास ठाऊक.

"अगं," त्या हसायला लागल्या, हात तसाच धरून, "एवढीशीच हुती व्हय ही? ह्या डोळ्यानं फुगवून फुगवून दावली मला."

"वाईट वाटतंय का, अव्वा?"

"न्हाय गं. लहान हाय, पर लई नितळ हाय. वळख करून घ्यावी लागंल." मग, "झाली पूजा. भाकरी हाय का एखादी?"

सोमवारी पहाटे पूजा झाली. मी डोळे उघडले तेव्हा अव्वांची जागा रिकामी होती. दारात त्या धुतलेलं लुगडं नेसून चपला शोधत होत्या, काखेत पिशवी.

"थांबा की, ह्यांना उठवते. गाडीवर सोडतील फाट्यापर्यंत."

"झोपू दे त्याला. सोलापूरची एसटी मिळंल मला." त्यांनी पदर डोक्यावरून घेतला. "धुरपदाबाई भ्यालेली असंल. येळंवर गेलं पायजे."

आणि धुक्यात हमरस्त्याकडं चालायला लागल्या, सावकाश, मध्येच थांबून, बोटानं एक डोळा झाकून ट्रकचे दिवे बघत.