मालनबाईची पात

"सुई टोचून घ्यायला मी काय बैल हाय का? बैलाला बी धरायला चार मानसं लागतेत."

माझ्या शेजारच्या पातीवर, खुरपायच्या पट्ट्यात, मालनबाई खुरप्याशीच बोलत होती. कडूबाच्या सोयाबीनमध्ये आम्ही खुरपायला गेल्तो. धुऱ्यावर, म्हंजे बांधावर, बाभळीखाली कोरोनाच्या लसीचा डबा घेऊन तृप्ती सिस्टर बसल्या होत्या. त्यांच्यासंगं ज्योत्स्ना. तीच गावची आशाताई आणि तीच मालनबाईची सून.

मालनबाई आमच्या टोळीची म्होरकी. तिच्या पुढं पात न्यायची नाही, ती उठल्याबिगर उठायचं नाही, असा आमचा कायदा. आणि सिस्टरचं म्हणणं, एक बाटली फोडली की दहा जणांना पुरते, एकट्यादुकट्यासाठी फोडली तर बाकीची वाया. म्हणजे मालनबाई उठेना, तवर बाटली फुटेना.

पण बाया कारणं काय एक सांगतेत! आमच्यातल्या संध्याच्या घरी पाव्हणे येणार होते, एकीचा उपास होता. मी म्हणाले, म्हशीची धार काढायची, हात दुखून कसं चालंल. म्हैस तर दोन महिन्यांपासून आटलेली. खरं काय ते कुणीच बोलत नव्हतं.

पात सरली. उठायचं नव्हतं म्हणून मालनबाईनं माघारी वळून तीच पात पुन्हा धरली. आम्हीही वळलो. एवढी मन लावून खुरपणी त्या रानानं कधी पाह्यली नसंल. कडूबा आधी खूश झाला, मग पळतच आला.

"बायांनो, गवत सरलं. आता माझं पीक तरी ठिवा."

आम्ही तोंडाला पदर लावून हसलो. मालनबाईला हसता हसता दम लागला आणि ज्योत्स्नाचं तोंड उतरलं. सासूला जुना दमा. वैशाखात सासूची थोरली बहीण कोरोनानं गेली, तवापासून घरात कुणी तिचं नाव काढत नव्हतं. गावातले ज्योत्स्नाला म्हणायचे, आधी सासूला टोच, मंग आमच्या दारी ये.

ती धुऱ्यावरून उतरली, चिखलात सासूच्या पुढ्यात येऊन बसली.

"आत्या, गावाचं ऱ्हाऊ द्या. पुन्हा साथ आली आन् तुमाला काई झालं, तर मी कुनाशी भांडू?"

मालनबाईचं खुरपं थांबलं. आमचीही थांबली. 

"अक्काला जालन्याला दवाखान्यात नेलं, तव्हा तिच्या हाताला सुई लावेल हुती," ती म्हणाली. "म्हनली, चार दिसात येते. आली न्हाई. मला भेव वाटून राह्यलंय गं, ज्योत्स्ना. तू हात धर माझा, मंग टोचू दे सिस्टरला."