मळ्यातली पोरं

यावलजवळच्या घरच्या केळीच्या मळ्यात पोरं राहायला आली, तेव्हा सुनंदाबाईंना बरंच वाटलं. त्यांचा मुलगा कुंदन इंजिनीअर होऊन घरी बसला होता. या पोरांच्या वज्रव्रत दलात गेल्यापासून तो पहाटे उठायचा, तंबाखूही सोडली होती. दलानं गावात रक्तदान शिबिर घेतलं, उन्हाळ्यात टँकरनं पाणी वाटलं. मळ्यातल्या शेडमध्ये त्यांचं शिबिर भरायचं. कळण्याच्या भाकरी आणि भरीत सुनंदाबाईंच्या हातचं. गाडी आणि धान्य धुळ्याचे व्यापारी झुंबरलाल शेठ पाठवायचे. शेठ एकदा स्वतः आले. कुंदनच्या वडिलांच्या, रतिलालच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "नाना, पोरगा समाजाला दिला तुम्ही." रतिलाल ज्याला त्याला तेच सांगत फिरले.

मग चोपड्याच्या बाजारात स्फोट झाला. माणसं गेली, त्यात सकीनाबी मन्यारीण होती. सुनंदाबाईंचा लग्नाचा चुडा तिनंच भरला होता.

दुसऱ्या दिवशी कुंदन जेवायला घरी आला. हाताला पट्टी होती.

"काय झालं रे हाताले?"

"भाजलं."

"चोपड्याले होता तू?"

तो भाकरी चुरत राहिला. मग शांतपणे म्हणाला, "माय, ते भ्यायले पाहिजेत. भ्याले का घरं-दुकानं विकून निघून जातील. मुलूख आपला होईल. एवढंच काम आहे दलाचं."

"सकीनाबी मेली."

"माहीत आहे."

"तुले कडेवर घेऊन फिरायची ती."

"एकट्या तिच्यासाठी नव्हतं ते." त्यानं पाणी प्यायलं. "अजून एक बाकी आहे, धुळ्याले. पुढच्या महिन्यात. मग पाहा."

तो हात धुऊन मळ्याकडे गेला. सुनंदाबाईंनी ताट उचललं नाही. चपला घालून निघाल्या, तर रतिलाल दारात उभे.

"कुठी चालली?"

"पोलिसात."

"एकच पोरगा आहे आपल्याले."

"पुढचे तरी वाचतील."

रतिलालनी त्यांचा दंड धरला. त्यांनी तो सोडवून घेतला.

कुंदन शेडमध्येच सापडला. बाकीची पोरं निसटली. चौकशीत तो एक अक्षर बोलला नाही. आणि त्याच आठवड्यात धुळ्यात स्फोट झाला, बसथांब्यावर, शाळा सुटायच्या वेळेला.

जबाबासाठी बोलावलं, तेव्हा तपास करणारे साहेब फार थकलेले दिसत होते. "बाई, तुम्ही केलं ते बरोबरच," ते म्हणाले. "पण हा पकडला गेला म्हणून त्यांनी घाई केली. नाहीतर महिनाभर होता आमच्या हातात." बोलून गेल्यावर त्यांना वाईट वाटलं असावं. त्यांनी चहा मागवला.

शेठचीही चौकशी झाली. आपण धर्मकार्याला गाडी दिली, पुढचं आपल्याला ठाऊक नाही, असं सांगून ते घरी आले. कुंदनला वकील त्यांनीच दिला. गावात कुंदनचं फ्लेक्स लागलं. रतिलाल बायकोशी बोलेनासे झाले, मजूर बाया सुनंदाबाईंना पाहून वाट बदलू लागल्या. एकदा त्या सकीनाबीच्या घरी गेल्या. मुलीनं दार उघडलं, ओळखलं. "तुमच्याच घरचं जेवायचे ना ते?" एवढंच म्हणाली आणि दार लावून घेतलं.

तारखेला त्या एकट्याच धुळ्याला गेल्या. कोर्टाबाहेर गर्दी होती. शेठच्या शेजारी रतिलाल हार घेऊन उभे होते. पोलिसांची गाडी आली, कुंदन उतरला, आणि घोषणा सुरू झाल्या. सुनंदाबाई पुढे घुसल्या.

"कुंदन!"

त्यानं पाहिलं. नजर त्यांच्यावरून सरकली, जशी भिंतीवरून सरकते. मग बेड्या घातलेले हात वर करून तो गर्दीकडे पाहून हसला.

शेजारच्या अनोळखी बाईनं त्यांच्या ओंजळीत झेंडूच्या पाकळ्या टाकल्या. "टाका ना मावशी. असा पोरगा पोटी यायला भाग्य लागतं."

सुनंदाबाईंचे हात उघडेच राहिले. मागून कुणाचा तरी धक्का लागला, पाकळ्या सांडल्या, आणि त्या बाईला वाटलं, त्यांनीच उधळल्या. ती त्यांच्याकडे पाहून समाधानानं हसली.