तियामिकेच्या घशातला कोंबडा

मी मलावी देशातला एक जुना तांबाला आहे. तुमच्या रुपयाचे जसे पैसे, तसे आमच्या एका क्वाचाचे शंभर तांबाला. माझ्या अंगावर शेपटी फुलवलेला कोंबडा आहे. आता तो झिजला आहे, पण बोट फिरवले तर तुरा अजून हाताला लागतो.

मित्रांनो, टांकसाळीतून मी लखलखत बाहेर पडलो, तेव्हा मला मान होता. माझ्या बदल्यात बाजारात मंदासी, म्हणजे पिठाचे तळलेले गरम गोड वडे मिळत. बायका मला लुगड्याच्या गाठीत जपून बांधत. असाच फिरत फिरत मी सरोवराकाठी सुकी मासळी विकणाऱ्या नाबांदा आजीकडे आलो. तिची चार वर्षांची नात तियामिके दिवसभर मला मुठीत घेऊन बसे आणि प्रश्न विचारून आजीला भंडावून सोडे.

"आजी, पैशाला कोंबडा का म्हणतात गं?"

"क्वाचा म्हणजे उजाडलं. आपलं राज्य आलं ना, तेव्हा लोक म्हणाले, उजाडलं! आणि उजाडायच्या आधी कोण ओरडतं?"

"कोंबडा!"

"म्हणून धाकट्या पैशाला तांबाला, म्हणजे कोंबडा. शंभर आरवले की एकदा उजाडतं."

"मग हा का नाही आरवत?"

"त्याला कुठला आलाय गळा? तुझा दे," असे हसत म्हणून आजी गिऱ्हाइकाकडे वळली.

तियामिकेने मला जिभेवर ठेवले, मान वर केली आणि आरवण्यासाठी जोरात श्वास ओढला. मी घसरलो.

आत काळोख होता. घास गिळण्याच्या वाटेत मी आडवा अडकलो. श्वासाची वाट अगदी शेजारीच होती. तियामिकेच्या तोंडातून लाळ गळू लागली, रडणे बारीक, चिरके येऊ लागले. "तांबाला गिळला पोरीनं!" आजी ओरडली, तशी मासळी वाळवत असलेली तियामिकेची आई एलिना धावत आली. भोवती माणसे जमली.

"मक्याच्या न्सिमाचा गोळा गिळायला द्या, खाली ढकलला जाईल!" कुणीतरी म्हणाले.

"उलटी धरा पोरीला!"

"कुणी हात लावू नका!" एलिना ओरडली. "रडतेय म्हणजे श्वास चालू आहे. दादा, होडी काढ!"

तिचा भाऊ लाक्सन पाण्याकडे बघत होता. "वारा बघितलास का? दक्षिणेचा म्वेरा सुटलाय. होडी उलटली तर सगळेच जाऊ."

"रस्त्यानं दवाखाना गाठेपर्यंत संध्याकाळ होईल. काढ म्हणते ना!"

होडी निघाली. मित्रांनो, मला हातपाय नाहीत. प्रत्येक लाटेबरोबर त्या कोवळ्या घशात मी हलत होतो आणि धरून ठेवायला काहीच नव्हते. एका मोठ्या लाटेने मी तिरका झालो. तियामिकेचा श्वास शिटीसारखा वाजू लागला.

"माझ्याकडे बघ, बाळा. पुढे वाक. हळूच श्वास घे," एलिना तिला मांडीवर बसवून सांगत होती. एरवी थट्टेशिवाय न बोलणारा लाक्सन आता फक्त वल्ही मारत होता. होडीत पाणी भरत होते. आजी मासळीच्या टोपल्याने ते उपसू लागली. टोपल्यातून निम्मे पाणी गळून जाई, तरी ती उपसतच राहिली. "जळो माझी जीभ! काय बोलून गेले मी!" एवढेच ती पुटपुटत होती.

दवाखान्यात सिस्टर नखोमाने पहिला प्रश्न विचारला, "काही खायला घातलंत?"

"नाही."

"फार बरं केलंत." तिने रबराची बारीक नळी काढली. "ही नाण्याच्या पलीकडे जाईल. मग टोकाचा फुगा फुगवून ओढायचं. पण ओढताना नाणं श्वासाच्या वाटेत पडता कामा नये. पालथी धरा. डोकं जराही हलू देऊ नका. कोण धरतंय?"

एलिनाने आजीकडे पाहिले. आजी मागे सरकली. "मी नको गं. माझ्यामुळेच तर..."

"आई, तूच धर. तुझ्याच हातात ती शांत राहते."

आजी पुढे झाली आणि तिने नातीचे डोके दोन्ही हातांत घट्ट धरले. नळी माझ्या अंगाला घासून पुढे गेली. फुगा फुगला. मी ओढला जाऊ लागलो, वर, अगदी श्वासाच्या वाटेच्या तोंडाशी. तियामिकेचा श्वास थांबला.

मी खणकन पत्र्याच्या ताटलीत पडलो.

ती खोकली. मग तिने मोठ्ठा भोंगा पसरला.

"माझा कोंबडा द्या!" रडता रडता तियामिके म्हणाली.

"देतो हं! एकदा गिळून पोट भरलं नाही वाटतं?" लाक्सन म्हणाला आणि तोंड फिरवून त्याने डोळे पुसले.

आजीने मला घरी नेले नाही. सिस्टरने मला काचेच्या बरणीत टाकले. तिथे मुलांच्या घशातून काढलेली बटणे, मणी आणि माशाचा एक काटा होता.

पुढे महागाई वाढली. मंदासीला मी पुरेनासा झालो. माझे भाऊबंद वाळूत पडले, तरी उचलायला कुणी वाकेना. मित्रांनो, ज्याला मोल उरत नाही, तोच पैसा खिडकीत, चटईखाली, रांगत्या बाळाच्या हाताशी पडून राहतो. त्याचा मान ठेवू नका हवे तर, पण त्याला उचलून उंच जागी ठेवा.

परवा लस टोचायला मुलाला घेऊन आलेल्या एका बाईच्या तळहातावर सिस्टरने मला ठेवले. "हा एक तांबाला? ह्याला आता कोण विचारतं!" बाई हसली.

सिस्टरने तिला मी कुठून निघालो ते सांगितले. बाईचे हसू मावळले. तिने खाली वाकून पायाशी खेळणाऱ्या मुलाची मूठ उघडून पाहिली. मूठ रिकामी होती. मग तिने दुसरीही उघडली.