बाथरूममधला सॉस

तीळ, दाणे, मोहरी यांचा कणसुद्धा कधी गेला नसेल अशी घरात एकच खोली होती, आणि ती म्हणजे बाथरूम. हे सुचलं तेव्हा प्लंबरला स्वतःचंच कौतुक वाटलं. स्वयंपाकघराचं तर नावच नको. तिथे बायको ऑर्डरचे केक करायची आणि बदामाची पूड पार पंख्याच्या पात्यांवर बसलेली असायची. म्हणून मग टबावर आडवी फळी, फळीवर विजेची शेगडी आणि शेगडीवर कोरं करकरीत पातेलं.

"शॉक लागून मराल," बायको दाराबाहेरून म्हणाली. "मग बसा ॲलर्जी सांभाळत."

पण त्याचा नाइलाज होता. थोरली बहीण जेवायला येणार होती. जेवायला म्हणजे काय, तर आपला डबा आणि आपली सॉसची बाटली घेऊन दाराजवळच्या खुर्चीत अंग चोरून बसायला. फार पूर्वी याच घरात, विकतच्या सॉसमधल्या तिळाने तिचा घसा आवळला होता आणि ती मरता मरता वाचली होती. तेव्हापासून भावाकडे तिने पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. परवा फोनवर म्हणाली, "ही शेवटची फेरी रे. तुमची उगाच धांदल होते. यापुढे फोनवरच बोलू."

फोन ठेवून प्लंबर तडक नवं पातेलं आणायला गेला. आई गेल्यावर त्याच्यावर हक्काने रागावणारं माणूस ते एवढंच उरलं होतं.

टोमॅटोही तिला चालत नसे. म्हणून या टोमॅटो सॉसमध्ये टोमॅटो सोडून बाकीची मंडळी होती: गाजर, बीट, सफरचंद, लिंबू, मीठ. रंग हुबेहूब आला. वास ओल्या भिंतीसारखा येत होता, पण तो बाथरूमचाच असणार अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

सासऱ्यांचा बंदोबस्त बायकोने केला. त्यांच्या खिशात बारा महिने शेंगदाणे असत, म्हणून तिने खिसेच शिवून टाकले. "पोटच्या पोरीने बापाचे खिसे शिवले," असं म्हणत ते बाल्कनीत रुसून बसले.

राहिली चाचणी. पाइप जोडला की पाणी सोडायचं आणि सांध्याखाली कोरडा कागद धरायचा. ओल दिसली की गळती. प्लंबरला दुसरी पद्धत ठाऊकच नव्हती. त्याने बायकोला आणि सासऱ्यांना चमचा चमचा सॉस चाटवला आणि दोघांच्या नाकाखाली टिश्यू पेपर धरून उभा राहिला. कागद कोरडा. ओठ सुजले नाहीत, पुरळ उठलं नाही. काम पास!

बहीण आली. ॲलर्जी उठलीच तर टोचायचं आपलं इंजेक्शन तिने बायकोच्या हातात दिलं, बाथरूममध्ये डोकावली आणि म्हणाली, "इथे?"

"ताई, घरातली सगळ्यात चोख जागा आहे ही. बस ना."

ती स्टुलावर बसली. त्याने उकडलेल्या बटाट्यांवर सॉस ओतून ताटली पुढे केली. "सगळं नवं कोरं आहे. आणि घरातल्या सगळ्यांवर तपासून घेतलंय."

तिने चमचा उचलला, तेवढ्यात दारातून बायको म्हणाली, "अहो, पण आम्हाला कशाचीच ॲलर्जी नाहीये. मग आमच्यावर तपासलंत काय?"

प्लंबर पांढराफटक पडला. असला गाढवपणा त्यालाच जमायचा. त्याने झडप घालून ताटली ओढली. "ताई, नको खाऊस!"

बहिणीने ताटलीची दुसरी कड धरून ठेवली. "घातलंयस काय काय?"

त्याने सांगितलं.

"आणखी काही? आईची शपथ घे."

"आईची शपथ."

"हे सगळं मी रोज खाते. सोड."

त्याने सोडली. तिने घास घेतला. दारात बायकोच्या मागे उभ्या सासऱ्यांनी डोळे मिटले. तिचा चेहरा आकसला, नाक वर चढलं, डोळ्यांत पाणी आलं. बायकोने इंजेक्शनचं टोपण काढलं.

"थांब गं, मला काही झालेलं नाही," बहीण म्हणाली. मग भावाकडे वळली. "शी! काय घाण करून ठेवलंयस हे? लिंबू पिळलंस की बादलीने ओतलंस? आई असती तर पातेल्यासकट बाहेर काढलं असतं तुला!"

प्लंबरचा ऊर भरून आला. इतकं गोड त्याच्याशी कित्येक वर्षांत कुणी बोललं नव्हतं. "अजून बोल ना, ताई."

"बोलणारच आहे. वाढ आणखी. एका घासात तुझ्या सगळ्या चुका कशा सांगून होतील?"